जर्दाळूला परवानगी

लिथगोच्या कौन्सिलात, काउंटर दोनवर,
मंगळवारी नऊ ते बारा
मी लोकांना वाटा सांगते.

ग्वेनेथ प्रॉसर आली तेव्हा तिच्या हातात
गेल्या वर्षीच्या कॅलेंडरचं पान होतं, मार्च महिना,
आणि मागच्या कोऱ्या बाजूला पेन्सिलीनं घर.
खोली एक, न्हाणीघर एक, उंबरा नको,
दार इतकं रुंद की ऑक्सिजनची टाकी
चाकांवरून सरळ आत यावी.
"भावासाठी," म्हणाली. "एम्लिन. एकतीस वर्षं खाणीत होता.
आता खाण त्याच्यात आहे."

मी नेहमीचं सांगितलं.
काही गोष्टींना विचारावंच लागत नाही:
कोंबड्यांचं खुराडं, अवजारांची छोटी शेड.
तिथे माणूस झोपायला लागला
की मात्र विचारावं लागतं.
मग वाटा दोन.
जवळची: पुस्तकातल्या प्रत्येक आकड्याला हो म्हणायचं,
साठ चौरस मीटरच्या आत, कुंपणापासून नऊशे मिलिमीटर,
खाजगी तपासनीस सही करतो, वीसेक दिवसांत.
त्या वाटेवर 'पण' हा शब्द चालत नाही.
लांबची वाट 'पण'वाल्यांसाठीच आहे.
अर्ज, शेजाऱ्यांना पत्रं, अहवाल, अहवालावर अहवाल,
कुणी येऊन उतार बघतो, कुणी सावली मोजतो.
सहा महिने. कधी नऊ.

"जवळची द्या," ती म्हणाली,
बेकरीत पाव मागावा तसं.

मी नकाशा उघडला.
तिच्या अंगणामागे टेकडी, टेकडीवर निलगिरी,
आणि निलगिरी म्हणजे उन्हाळ्यात
पानं लावलेलं रॉकेल.
प्लॉटचा मागचा अर्धा भाग लाल होता.
लाल म्हणजे ज्वाला भिंतीला भिडणार,
लालमध्ये जवळची वाट बंद.
साडेचार मीटर पुढे सरकलं
की रंग उतरतो. तिथे चालेल.

"तिथे जर्दाळू आहे," ती म्हणाली.

आमच्या नकाशावर झाडं नसतात.

लोक मला विचारतात, योग्य वाट कुठली,
जणू ती माझ्या खणात ठेवलेली असते.
मागे एका जोडप्याला गोल खिडकी हवी होती,
त्यांना मी लांबच्या वाटेनं पाठवलं, दोघं तिशीचे होते,
आता खिडकीतून डोंगर बघतात म्हणे.
मी उलट एवढंच विचारते: हाताशी वेळ किती?
ग्वेनेथला विचारलं नव्हतं.

तीन आठवड्यांनी ती स्वतःच सांगायला आली.
डॉक्टर पुढच्या हिवाळ्याचं बोलतात.
इथे जूनमध्ये नळातलं पाणी गोठतं,
आणि लांबच्या वाटेनं गेलं असतं तर जूनपर्यंत
फार तर पाया, आणि एक फाइल.

तिनं काउंटरवर दोरी ठेवली,
कपडे वाळत घालायची, मीटरमीटरवर गाठ मारलेली.
"साडेचार म्हणजे बरोबर बुंध्यात.
मी दोनदा मोजलं. एम्लिननं खुर्चीतून एकदा."
मग चष्मा काढून पुसला.
"झाड तोडायला कुठला फॉर्म?"

यादी मला पाठ आहे, तरी मी यादी पाहिली.
फळझाडाला परवानगी लागत नाही.

"शेजाऱ्यांना कळवायचं?"
"नाही."
"फी?"
"नाही."
"म्हणजे कुणालाच विचारायचं नाही?"

मी मान हलवली.
बाथरूमच्या फरशीच्या उताराला परवानगी लागते,
गटाराच्या झाकणाला लागते,
पावसाचं पाणी कुठून कुठे जाणार
याला सहीशिक्का लागतो.

तिनं दोरी गुंडाळली, गाठीगाठीनं.
दारापर्यंत गेली. परत फिरली.
यंत्रातून नवं टोकन काढलं
आणि बाकावर जाऊन बसली,
मांडीवर दोरी, कोट अंगातच.

मध्ये एक गॅरेजवाला, एक पोहण्याचा हौद,
दोन भाऊ कुंपणावरून भांडत आलेले.
बाराला चार मिनिटं कमी असताना
मी एक्क्याऐंशी पुकारलं.
ती उठली, काउंटरशी आली,
आणि तेच पुन्हा विचारलं.